बाजेखालची शेगडी

आधीच सांगून टाकते, या सदरात छापून येणाऱ्या निम्म्या गोष्टी मला थापा वाटतात. पांढरी साडी, उलटे पाय, अमावस्या... वाचते आणि पान उलटते. बुलढाण्याला मुलींच्या शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. एखादी पोरगी वर्गात अंगात आल्यासारखी घुमायला लागली, की मी आधी तिला सकाळपासून काय खाल्लंस ते विचारायची. बहुतेक वेळा तिनं काहीच खाल्लेलं नसायचं. तर मी तसली बाई नाही. तरी हे लिहितेय, कारण ज्यांना याचा राग आला असता ते आता राहिले नाहीत, आणि मी गप्प बसले तर एका बाईवरचा आळ तसाच राहील.

गोष्ट मलकापूरची. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. माझं माहेर स्टेशनच्या पलीकडे, कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून. पुढं ओसरी, मग स्वयंपाकाची मोठी खोली, तिच्या आत एक लहान खोली, मागं न्हाणी. वर टिनं. बाबा मी लहान असतानाच गेले. दादा जिनिंगमध्ये कामाला होता. घरात माय, दादा आणि दादाची बायको, गोदावहिनी. त्यांच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. माय ते दिवसातून एकदा तरी, कुठल्या ना कुठल्या निमित्तानं बोलून दाखवायचीच.

मी पहिल्या बाळंतपणाला आले होते. वीस वर्षांची. आतल्या लहान खोलीत दवाखान्याच्या नर्सबाईंच्या हातून बाळंत झाले, मुलगा झाला. नर्सबाई नगरकडच्या, बोलायला फटकळ, हाताला हलक्या. त्या गेल्या आणि खोली मायच्या ताब्यात आली.

बाळंतिणीची खोली म्हणजे काय ते आजच्या मुलींना सांगायला हवं. एकच खिडकी, तिच्यात जुनी गोधडी कोंबलेली. दाराच्या फटीला पोतं. आणि बाजेखाली दिवसरात्र शेगडी, वर बाळंतीण आणि लेकरू शेकत पडलेले. हवा म्हणजे शत्रूच. आज हसू येतं, पण तेव्हा बाळंतिणीला शेक नाही म्हणजे त्या घरात काही उरलंच नाही, असं लोक म्हणायचे.

आणखी एक नियम होता. गोदावहिनीनं खोलीत पाय ठेवायचा नाही. मूल न झालेल्या बाईची सावली सव्वा महिना तान्ह्यावर पडू नये म्हणे. तीच डिंक तळायची, लाडू वळायची, माझी नि लेकराची धुणी धुवायची, माझं ताट उंबऱ्यावर ठेवायची आणि मागच्या मागं निघून जायची. लेकराचं रडणं ऐकलं की स्वयंपाकघरातला तिचा आवाज बंद व्हायचा. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण शहाणपण मला फार उशिरा आलं.

माघ महिना होता. लेकराची पाचवी पुजून झाली आणि दुसऱ्याच दिवशी गारा पडल्या. लिंबाएवढ्या गारा... टिनांवर असा आवाज, की बाजूला बसलेल्या मायचं बोलणं ऐकू येईना. मग पाऊस लागला तो थांबेचना. जिनिंगच्या आवारात उघड्यावर कापसाचे ढीग होते, त्यांवर ताडपत्र्या घालायला सगळे बाप्ये तिकडेच अडकले. दादाही तिकडेच झोपायचा. आणि आमच्याकडं जळण भिजलं. परसातल्या पऱ्हाट्या, म्हणजे जाळायच्या कापसाच्या काड्या, ओल्याचिंब, गोवऱ्यांचा पार चिखल. घासलेट कंदिलापुरतं. चुलीला कसंबसं फुंकून फुंकून भागवता आलं असतं, पण शेगडीला दिवसभर पुरेल असं काही नव्हतं.

माय शेजारच्या काशीबाईकडून घमेलंभर दगडी कोळसा घेऊन आली. आमच्या वस्तीत पुष्कळ घरी तो असायचा. रुळांच्या कडेला इंजिनातून सांडलेला, बाया वेचून आणायच्या. त्यावर पाणी तापवत, चहा करत, पण सगळं उघड्यावर. बाजेखाली तो कुणी घालत नसे. मायनं ओसरीवर शेगडी पेटवली, तो पिवळट घाण धूर सगळा निघून जाईपर्यंत वाट पाहिली, आणि निखारे लालभडक झाल्यावर आत आणून बाजेखाली सरकवली.

"पाय," मला म्हणाली, "धूर नाई, काई नाई. पऱ्हाटीपक्षा बरा. लेकराचे डोये बी चुरचुरनार नाई."

मी वाकून पाहिलं. खरंच धूर नव्हता. वासही जवळजवळ नव्हता. ऊब मात्र अशी, की थंडी पळालीच. मला इतकं बरं वाटलं, की मायला म्हणाले, हे तुला आधी कसं नाही सुचलं. धुराला आम्ही बाया भ्यायचो, धूर दिसला की दार उघडायचो. धूरच नाही म्हटल्यावर दार कशाला उघडायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं धरलं. कपाळावर कुणी पट्टी आवळून बांधावी तसं. जेवण पाहिलं की मळमळ. मायचंही डोकं दुखत होतं, पण ती म्हणे जागरणानं. लेकरू मात्र शांत. इतकं शांत, की दूध प्यायलाही उठेना. गाल लाल झाले होते. "बाळसं धरून राह्यला," माय म्हणाली आणि तीट लावली.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. मागं न्हाणीत गेले, की डोकं उतरायचं. परत खोलीत आले की तासाभरात पुन्हा तेच. मी मायला सांगितलं. तिनं मान हलवली आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं पाहिलं.

"ह्या खोलीत काईतरी शिरलं कुसुम. नजर हाये कोनाची तरी."

कोणाची, ते तिला सांगावं लागलं नाही. मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि त्याच शेगडीत टाकल्या.

त्याच दिवशी मी न्हाणीत असताना नर्सबाई लेकराची नाळ पाहायला येऊन गेल्या. मला माय एवढंच म्हणाली, की सगळं ठीक आहे म्हणाल्या. संध्याकाळी वहिनी ताट घेऊन उंबऱ्याशी आली आणि पहिल्यांदाच तिथं थांबली.

"बाई, दार थोडं उघडं राहू द्या. ते नर्सबाई —"

"तू चाल वो तिकडं," माय म्हणाली. "लेकराले हवा लागन. हेच पायजे का तुले?"

वहिनी माझ्याकडं बघत होती. मी तोंड फिरवलं. त्यानंतर मायनं आतून कडी लावायला सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दोनदा ओकले. न्हाणीपर्यंत जायचं बळ राहिलं नव्हतं. माय खाली चटईवर झोपली होती, तीही हाक मारली की नुसती हं म्हणायची. दुपार असेल, पण आभाळ भरलेलं, खोलीत कंदील. शेगडीत नुकताच नवा कोळसा घातला होता. मला वाटलं, जरा डोळा लागतोय तर लागू दे.

जाग आली ती गार वाऱ्यानं. दार सताड उघडं होतं. दारात गोदावहिनी उभी होती, अंगात तिचं लग्नातलं हिरवं लुगडं. बाहेर पाऊस पडत होता आणि तिचे केस कोरडे होते, हे मला आजही दिसतं. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. सरळ बाजेशी आली, वाकली आणि माझं लेकरू उचललं.

मी ओरडले. म्हणजे मला वाटलं मी ओरडले. काय ओरडले तेही सांगते, लाज वाटते तरी. वांझोटे, माझं लेकरू खाली ठेव. पण आवाज निघत नव्हता, हात उचलवत नव्हता. ती लेकराला घेऊन बाहेर गेली. दार तसंच उघडं. तोंडावर वारा येत होता, आणि मला फक्त एवढंच कळत होतं, की हिनं डाव साधला.

पुढचं मला काशीबाईनं सांगितलं. लेकरू रडताना ऐकू आलं, एकसारखं, म्हणून ती आली. पाहते तर ओसरीवर, भिंतीच्या कडेला, आठ-नऊ दिवसांचा जीव हिरव्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेला, लाल होऊन टाहो फोडतोय. आतल्या खोलीचं दार उघडं आणि आम्ही दोघी मायलेकी निपचित. तिनं आम्हाला पाय धरून बाहेर ओढलं. थोड्या वेळानं नर्सबाई आल्या, बरोबर वहिनी, दोघी चिंब भिजलेल्या. नर्सबाई मोठमोठ्यानं मायला काहीतरी बोलत होत्या, शेगडी परसात फेकल्याचा आवाज आला... हे सगळं मला पाण्याच्या तळातून ऐकल्यासारखं आठवतं.

संध्याकाळी दादा आला. शेजारपाजार जमला. तोवर माय उठून बसली होती. तिनं माझा हात हातात घेतला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "सांग कुसुम, लेकराले बाहीर कोनं नेलं? भेऊ नको. तुनं डोयानं पाह्यलं ना?"

मी सांगितलं. गोदावहिनीनं.

वहिनी म्हणाली, "बाई, मी दवाखान्यात होती. तुमाले उलट्या होऊन राह्यल्या म्हनून नर्सबाईले बलवाले गेलती. त्याईले विचारा."

दादा म्हणाला, "मंग हे लुगडं?"

लुगडं तिच्या पेटीतलं. पेटीला कुलूप, किल्ली तिच्या कमरेला. तिनं सगळ्यांदेखत किल्ली काढली, कुलूप उघडलं. पेटीत लुगडं नव्हतं. ती तशीच पेटीशी बसून राहिली.

"मंग काय भुतानं काढलं?" माय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दादानं तिला मेहकरच्या गाडीत बसवून दिलं. हिवरा आश्रमाकडं तिच्या भावाचं गाव होतं. जाताना तिनं पुन्हा एकदा मला म्हटलं, "नर्सबाईले विचारा बाई." दवाखाना मैलभरावर. दादा गेला नाही. मी अंथरुणावर होते म्हणून गेले नाही, आणि नंतर उठले तेव्हाही गेले नाही. वर्षभरात दादानं दुसरं लग्न केलं.

सहा वर्षं गेली. आम्ही बुलढाण्याला राहत होतो, मी शाळेत लागले होते. पोराला ताप आला म्हणून दवाखान्यात घेऊन गेले, तर समोर त्याच नर्सबाई. बदलून आल्या होत्या. मी ओळख दिली. त्यांनी पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "हाच ना तो कोळशाचा मुलगा?"

मी म्हटलं, कोळशाचा म्हणजे?

मग त्यांनी मला बाकावर बसवलं आणि जे सांगितलं, ते मी त्यानंतर दरवर्षी मुलींना शिकवत आले. बंद खोलीत कोळसा जळाला, की एक वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर गेल्यावरसुद्धा निखाऱ्यातून तो येतच असतो. डोकं दुखतं, ओकाऱ्या होतात, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. आठवीच्या पुस्तकात कार्बन मोनॉक्साइडला एक ओळ होती. मी त्या ओळीला पूर्ण तास घ्यायची.

"तुझ्या आईला मी आदल्या दिवशीच बजावलं होतं," नर्सबाई म्हणाल्या. "शेगडी बाहेर, खिडकी उघडी. आणि त्या दिवशी पुन्हा तोंडावर सांगितलं, की ज्यानं कुणी पोर उचलून बाहेर ठेवलं आणि दार उघडलं, त्यानं तीन जीव वाचवले. तिनं तुला सांगितलं नाही?"

"माझ्या वहिनीनं उचललं होतं," मी म्हटलं.

"तुझी वहिनी? ती माझ्यासमोर बसलेली होती. मी एक बाळंतपण उरकत होते, तिला दीड-दोन तास थांबवून ठेवलं होतं मी. बिचारी जागेवरून हलली नाही."

मी त्याच आठवड्यात मलकापूरला गेले. माय ओसरीवर डाळ पाखडत होती. मी सरळच विचारलं. मला वाटलं, नाही म्हणेल, रडेल, विसरले म्हणेल. तिचं सूप थांबलंसुद्धा नाही.

"हाव, सांगतलं होतं नर्सबाईनं. मंग?"

"मग मला काऊन नाई सांगतलं?"

"काय सांगू? का म्या माह्या हातानं तुह्या बाजेखाली इख ठेवलं? लोकं काय म्हनले असते? जलमभर तोंड दाखवता आलं नसतं मले." थोडी पाखडली आणि म्हणाली, "आन ते तसं बी या घराच्या कामाची नोयती. आता पाय, दादाले दोन लेकरं हायेत. तुनं तं खरंच सांगतलं. तुनं पाह्यलं तेच सांगतलं ना?"

मी तिथं उभी होते आणि मला माझीच किळस आली. मी नुसती फसले नव्हते. तिनं माझा हात हातात घेतला होता, मला भेऊ नको म्हणाली होती, आणि माझ्या तोंडानं एका बाईला घराबाहेर काढलं होतं. जिच्या कुशीत मी निजले, तिनं. मायशी मी नंतरही बोलत राहिले, तिचं शेवटचं आजारपणही केलं. पण पुन्हा कधी तिच्याजवळ डोकं टेकवून झोपले नाही.

लॉजिकनं मी पुष्कळ विचार केला आहे. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, की माणसाला नसलेलं दिसतं. मान्य. मनात वहिनीचाच राग होता, म्हणून तीच दिसली, हेही मान्य. पण ओसरीवरचं लेकरू काशीबाईनं शुद्धीत पाहिलं होतं. माझी सून म्हणते, आई, तुम्हीच उठून ठेवलं असेल आणि विसरला असाल. काशीबाईनं मला बाजेवर पाहिलं तेव्हा गोधडी माझ्या गळ्यापर्यंत नीट होती. मायला तर ओढतानाही शुद्ध नव्हती. कडी आतून होती. आणि लुगडं कुलपातलं होतं, किल्ली मैलभरावर दवाखान्यात, वहिनीच्या कमरेला. याचा मेळ मला लागलेला नाही, आणि आता लागेल असंही वाटत नाही.

मलकापूरहून आल्यावर मी वहिनीकडं गेले. तिच्या भावाचा भाजीचा मळा होता. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. मला पाहून उठली, पाणी दिलं, पुन्हा जुड्या बांधायला बसली. मी सगळं सांगितलं. मायचं, नर्सबाईंचं. माफी मागितली. म्हटलं, चल परत, मी दादाशी बोलते.

"कोठी येऊ बाई? तठी दुसरी हाये." आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. "मी तं मानलंच होतं, का तुमी एकडाव तरी विचारसान. मंग वाट पाह्यनं सोडून देल्लं."

तिनं आणखी दोन जुड्या बांधल्या. मग तिनं विचारलं, "पन तुमाले मी दिसली होती, हे खरं?"

"खरं. लेकराची शपथ."

"लेकराले उचलताना बी?"

"उचलताना बी."

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. माझं लेकरू तिच्या घरात जन्मलं आणि तिनं त्याला एकदाही हात लावला नव्हता.

"मंग सांगा ना," ती म्हणाली, "कसं धरलं होतं मी?"

मी हात करून दाखवले. एक हात पाठीखाली, लेकरू डाव्या खांद्याशी, पदर त्याच्या कानावर. तिनं तसेच हात करून पाहिले.

"मानीखाली हात होता ना पन? लय लहान होतं ते."

"होता," मी म्हटलं. "मानेखाली हात होता."